रविवारी नऊच्या आत

काळबादेवी, रत्नागिरी
१७ जानेवारी १९९९

केतन,

आशीर्वाद आधी घे, राग नंतर काढ. पाकिटावर रत्नागिरीचा शिक्का बघून तू कपाळाला हात लावला असशील. खुशाल लाव. वॉर्डनबाई सुटीवर आहेत, आणि सुटीवर असताना मी कोणाच्या कपाळाची काळजी करत नाही.

माझ्या सुट्यांचा हिशेब तुला ठाऊक नसणार, कारण तू कधी विचारलाच नाहीस. आठवड्याची सुटी मी घेत नाही, साठवते. एकट्या रविवारी मयूर विहारच्या हॉस्टेलात करायचं तरी काय? पुरेशा साठल्या की ट्रस्टच्या खन्नाबाई माझ्या खुर्चीत येऊन बसतात आणि मी निजामुद्दीनला गाडी पकडते. कोकण रेल्वे झाल्यापासून कुठे उतरून गाडी बदलावी लागत नाही. 'रिटायर झालो की समुद्रावर जाऊन राहू' हे तुझे बाबा उभ्या नोकरीत इतक्या वेळा म्हणाले, की शेवटी त्यांच्या वाटचं मलाच करावं लागलं.

इथे अलकनंदा सुर्वे नावाच्या बाईंची खानावळ आहे. खानावळीमागची एक खोली मी आले की माझी. सकाळी चहा घेऊन पुळणीवर जाते. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. दिल्लीत वाढलेल्या मुलाला हे सांगावं लागतं, त्यात तुझा दोष नाही. तिथे एका उपड्या होडीला टेकून मी नुसती बसून राहते. मॅडम, गीझर चालत नाही; मॅडम, फ्रिजमधलं माझं दही कोणी खाल्लं; असलं काही कानावर येत नाही. समुद्राला गेट नसल्यामुळे ते बंद करायला मला उठावं लागत नाही. पाय घोट्यापर्यंत बुडवले. त्यापुढे जायचा धीर अजून झालेला नाही.

आता मुद्द्याचं. निघायच्या आधी शालिनीचा फोन आला होता. मेमध्ये बाळ येणार म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी फोनवरच तिला चार सूचना देऊन टाकल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, केतन म्हणतोय, तुम्ही ती नोकरी सोडा आणि इथे राहायला या. नाहीतर बाळाला तो हॉस्टेलच्या गेटावर आणणार नाही, आणि तुम्हीही इकडे यायचं नाही." एवढं बोलून ती रडायला लागली. निरोप तुझा आणि रडायचं तिने, हा कुठला न्याय?

गणपतीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. लक्ष्मीबाई नगरच्या मंडपात कोणीतरी शहाण्याने तुला विचारलं, "काय रे, आईला हॉस्टेलात ठेवलंस म्हणे?" त्याच्यावर चिडायचं सोडून तू माझ्यावर चिडलास. मला कोणी ठेवलेलं नाही. मी जाहिरात पाहिली, अर्ज केला, मुलाखत दिली आणि तीन बायकांमधून माझी निवड झाली. बाबा गेल्यावर आपलं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मी तुझ्याकडे गुडगावला आलेच होते की. तिथे मला काही कमी नव्हतं. नवव्या मजल्यावर माझी वेगळी खोली, खोलीला बाल्कनी, बाल्कनीसमोर क्रेन. भांड्यांना एक बाई, पोळ्यांना एक बाई आणि खिडकीत बसायला मी. चार महिने बसले. शालिनीने मला फुलासारखं जपलं, पण मी चोपन्न वर्षांची आहे, मला जपून ठेवायची वेळ अजून आलेली नाही.

तेव्हा सरळ लिहिते. मला ते बाळ मांडीवर घ्यायचंय. आणि नोकरी सोडायची नाही. मला दोन्ही हवंय आणि दोन्ही मिळेल अशी माझी खात्री आहे. तू माझा मुलगा आहेस, तुला पटायला वेळ लागतो एवढंच.

आई


काळबादेवी
२८ मार्च १९९९

केतन,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी पुन्हा लिहिते आहे. गप्प बसून मला हरवशील असं वाटत असेल तर तू मला ओळखत नाहीस.

या खेपेला गुडघ्यापर्यंत गेले. अलकनंदाबाई पाठीमागून माझा पदर धरून उभ्या होत्या. "वहिनी, पुढे जाऊ नका हां, मी पण पोहत नाही," असं म्हणत होत्या. मग धरून काय उपयोग, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बुडलात तर सांगायला कोणीतरी हवं ना!" आम्ही दोघी इतक्या हसलो की लाट येऊन कमरेपर्यंत भिजवून गेली. संध्याकाळी सोलकढी आणि गरम भात खाल्ला आणि कोंबड्यांच्या आधी झोपले.

आता हॉस्टेलची एक गोष्ट सांगते. ती तुला उद्देशून नाही.

दिल्लीत मुलींच्या कुठल्याही हॉस्टेलात लोकल गार्डियन लागतो, हे तुला माहीत आहे. आईवडील राहिले पुण्यात, नाशकात. मग दिल्लीतला कोणी काका, भाऊ, बाबांच्या ऑफिसातला कोणी तिचा लोकल गार्डियन होतो. शनिवारी तो येतो, सही करतो, मुलीला घरी घेऊन जातो आणि रविवारी रात्री नऊच्या आत परत आणून सोडतो. मी आल्यापासून हा नियम घड्याळासारखा चालतो. आमचे दरवान ज्ञानोबा लातूरकडचे, फौजेतून रिटायर झालेले. ते नात्याबित्याला भीक घालत नाहीत. 'मी तिचा मामा आहे' असं म्हणणाऱ्याला ते विचारतात, "मामा ठीक आहे. लोकल गार्डियन आहात का?" नसेल तर बाकावर बसायचं.

आमच्याकडे मयुरा नावाची पुण्याची मुलगी आहे. गुडगावला एका नव्या ऑफिसात अमेरिकेतल्या लोकांचे फोन घेते. तुझ्या त्या क्रेनच्या जागी आता तिचं ऑफिस उभं आहे. काम संध्याकाळपासून असतं, ऑफिसची गाडी नेते आणि दारात सोडते. ट्रस्टशी भांडून मी त्याची परवानगी काढली. तिचा भाऊ राघव मुनिरक्यात खोली घेऊन कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करतो. तो तिचा लोकल गार्डियन. एका शनिवारी तो तणतणत माझ्या ऑफिसात आला.

"काकू, मयुराचं सामान पॅक करायला सांगा. ती पुण्याला परत जातेय."

"ती जातेय की तू पाठवतोयस?"

"एकच आहे ना. ही कसली नोकरी? लोक मला विचारतात, तुझी बहीण रात्री कुठे जाते? आय ॲम हर लोकल गार्डियन."

मयुरा दारात उभी होती. "राघव, बस झालं यार," एवढंच म्हणाली.

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "बाळा, लोकल गार्डियन म्हणजे मालक नव्हे. शनिवारी न्यायचं, घरचं जेवायला घालायचं, आजारी पडली तर धावत यायचं आणि रविवारी नऊच्या आत आणून सोडायचं. आणून सोडायचं, हे त्यातलं मुख्य. ज्याला परत सोडवत नाही त्याला मी नेऊ देत नाही. लोक विचारतात त्याचं उत्तर तू शोध. तुझ्या लाजेसाठी तिची नोकरी का जावी?"

तो लालबुंद झाला. मला वाटलं आता आवाज चढवणार. पण तो उठला, सही केली, बहिणीला घेऊन गेला. रविवारी मी आठपासून खिडकीत उभी. वरून शांत दिसत होते, पण तो तिला परस्पर स्टेशनवर नेईल याची मला भीती होती. नऊला थोडा वेळ असताना रिक्षा आली. राघव उतरला, तिची बॅग काढली, ज्ञानोबांच्या हातात दिली आणि वर माझ्याकडे बघून मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

मुलगा चांगला आहे. मुलगे चांगलेच असतात, फक्त लोकांचं फार ऐकतात.

पुन्हा सांगते, ही गोष्ट तुला उद्देशून नाही.

आई


काळबादेवी
३० मे १९९९

केतन,

मुलगी झाली! तुझ्या तोंडून नाही, पण कळलं. शालिनीने दवाखान्यातून फोन केला. आवाज थकलेला होता, पण हसत होती. नाक बाबांचं आहे म्हणाली. बाबांचं नाक मुलीला जरा मोठं होईल, पण चालेल, त्या नाकावर बाबांनी पस्तीस वर्षं चष्मा सांभाळला.

हॉस्टेलात मी पेढे वाटले. पोरींनी गोंधळ घातला. "आँटी, कब जाएँगी देखने? फोटो लाइएगा!" मी म्हटलं, कामं आहेत, जाईन. मयुराने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना बाहेर नेलं. ती मुलगी नको तेवढी हुशार आहे.

मी आले नाही. तू येऊ नको म्हणाला होतास, मी आले नाही. शालिनीसाठी हळिवाचे लाडू केले, ते ज्ञानोबांच्या हाती पाठवले. तुझ्या बिल्डिंगच्या गार्डाने डबा पोचवला असेल. रोज एक तिला द्यायचा, तू हात लावायचा नाही.

इकडे ऊन मी म्हणतंय, पण पाण्यात बरं वाटतं. एक बातमी आहे. मी तरंगले. अलकनंदाबाईंची लेक माहेरपणाला आलीय, ती पाण्यात वाढलेली. तिने माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "काकू, अंग सोडा. धरून ठेवाल तर खाली जाल." आयुष्यभर मला कोणी अंग सोडायला सांगितलं नव्हतं. सोडलं. कानात पाणी गेलं, वर आभाळ, आणि तिने हात कधी काढला ते कळलंच नाही. साडीचा फुगा झाला होता. बाबांनी पाहिलं असतं तर ओळख दाखवली नसती.

जानेवारीत मी खात्री आहे असं लिहिलं होतं. अजून आहे. पण एक कबूल करते, रात्री मच्छरदाणीत पडल्यावर ती खात्री जरा पातळ होते. मुलीचा वास कसा असेल असं मनात येतं. लहानपणी तुझ्या डोक्याला पावडर आणि दुधाचा मिळून एक वास यायचा. मला तो अजून आठवतो आणि त्याने फार त्रास होतो. नोकरी सोडली तर उद्याच्या उद्या ती माझ्या मांडीवर असेल, हे मला कळतं. पण मग ज्या आजीच्या मांडीवर ती असेल, ती आजी खिडकीत बसलेली असेल. तिला तशी आजी मिळू नये असं मला वाटतं. तिला तरंगणारी मिळावी.

सकाळी पुन्हा खात्री येते. भरतीसारखंच आहे ते.

आई


काळबादेवी
नारळी पौर्णिमा, १९९९

केतन,

आता आपलं बोलणं होतं, तरी हे पत्र लिहिते आहे. समुद्रावर आले की तुला लिहायची सवय लागलीय, आणि फोनवर तू 'हो आई, बिल्कुल आई' करत घाईत असतोस.

आज इथल्या लोकांबरोबर मीही नारळ घेऊन गेले. नारळ पाण्यात सोडला आणि मला एकदम बोट क्लब आठवला. तुला आठवतो का? तू सहा-सात वर्षांचा असशील. दिल्लीत समुद्र नाही म्हणून काय झालं, पाणी तर आहे, असं म्हणून बाबांनी इंडिया गेटजवळच्या बोट क्लबच्या पाण्यात नारळ सोडला होता. सोवळं नेसलेले हेडक्लार्क आणि मागे आपण दोघं. नारळ बुडेना आणि वाहूनही जाईना, तिथेच गोल फिरत राहिला. माळ्याने जाळीने काढून परत आणून दिला, "साहब, आपका गिर गया." बाबांनी थँक्यू म्हणून घेतला आणि घरी येऊन आपण त्याच्या वड्या खाल्ल्या. दरवर्षी हेच. आजचा नारळ लाटेने उचलून नेला. बाबांना सांगावंसं वाटलं.

आता एक गोष्ट तुला शालिनीकडून कळलीच आहे, पण माझ्या हातून लिहायची राहिलीय. लाडू ज्ञानोबांनी आणले नव्हते. मीच आले होते. दोन बस बदलून गुडगावला उतरले, तुझ्या गेटावर आले. गार्डाने विचारलं, "माताजी, किसके यहाँ? आप कौन?" तोंडात 'माँ' आलं होतं. पण माझ्या हॉस्टेलात घरच्यांनी 'या माणसाला आत सोडू नका' असं सांगितलेलं असलं, तर मी तो कोणी का असेना, आत सोडत नाही. मग स्वतःसाठी नियम कसा मोडू? मी म्हटलं, "हॉस्टल से आई हूँ," डबा दिला आणि परत फिरले. वर बघितलं, नववा मजला मोजला. दोरीवर लंगोट वाळत होते. तेवढं बघून मी बस पकडली. बसमध्ये रडले, भरपूर. कंडक्टरने तिकीटसुद्धा हळूच मागितलं.

तू गार्डाला विचारलंस, कोण आलं होतं, आणि त्याने तुला जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री तू जेवला नाहीस असं शालिनी म्हणाली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. त्या शनिवारी तू गेटाबाहेर होतास. आत काय झालं ते मी सांगते.

जुलैचा उकाडा, वीज गेलेली, मी ऑफिसात पुठ्ठ्याने वारा घेत मुलींच्या सुटीवर सह्या करत होते. ज्ञानोबा आले. एरवी ते दारातूनच ओरडतात. त्या दिवशी आत येऊन टाचा जुळवून उभे राहिले.

"मॅडम, गेटावर एक गृहस्थ आलेत. तासभर झाला. पहिल्यांदा म्हणाले, मी मुलगा आहे. मी म्हटलं, मुलगा ठीक आहे, बाकावर बसा."

"कोणाचा मुलगा?"

"तुमचा, मॅडम."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तासभर! तो राघवही त्या दिवशी बहिणीला न्यायला आला होता. मुनिरक्याचा तो पोरगा आणि गुडगावचा मॅनेजर एका बाकावर, आणि माझ्या दरवानाने दोघांना पाणीसुद्धा विचारलं नाही, कारण मीच तशी शिस्त लावलीय. मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. सामान न्यायला आला असेल, हेच पहिलं मनात आलं. टेम्पो आणलाय का, असं मी विचारलं.

"नाही मॅडम. मारुती आहे. आत बाईसाहेब आहेत आणि एक लहान मूल आहे. नंतर त्यांनी शेजारच्या पोराला काहीतरी विचारलं. उठून माझ्याकडे आले, आणि नवीन सांगू लागले. म्हणून मी वर आलो. नाहीतर आलो नसतो."

"काय सांगू लागले?"

एव्हाना मयुरा आणि दोन-तीन पोरी दारात जमल्या होत्या. ज्ञानोबांनी घसा साफ केला आणि परेडवर रिपोर्ट द्यावा तसे म्हणाले, "म्हणतात, मी हेमलताबाईंचा लोकल गार्डियन आहे. त्यांना न्यायला आलोय. रविवारी नऊच्या आत आणून सोडतो."

केतन, तू हे कसं म्हणालास ते मी पाहिलं नाही. मला ते ज्ञानोबांच्या आवाजात ऐकायला मिळालं, आणि जन्मभर त्याच आवाजात ऐकू येणार. मला खाली यायला इतका उशीर का झाला, म्हणून तू गाडीत चिडचिड केलीस. त्याचं कारण हे, की पोरींनी मला धरून ठेवलं. एकीने वेणी घातली, एकीने स्वतःची इस्त्रीची साडी नेसवली, मयुराने माझ्या बॅगेत टूथब्रश टाकला. माझ्या सुटीवर सही कोण करणार, हा प्रश्न पडला. वॉर्डनच बाहेर जातेय म्हटल्यावर मयुराने पेन घेतलं, माझ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि म्हणाली, "आँटी, वेळेत या हं. इथे नियम आहेत." मी मान खाली घालून हो म्हटलं.

मग मी जिना उतरले, आणि तुझ्या खांद्यावर ती होती, बाबांचं नाक घेऊन झोपलेली. त्यापुढचं तुला माहीत आहे.

पुढच्या नारळी पौर्णिमेला ती चालायला लागलेली असेल. सुटी साठव. नारळ तिच्या हातून सोडू, इथला परत येत नाही.

आई

ता. क. : त्या रविवारी आपण नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलो होतो. तू गेलास, आणि ज्ञानोबांनी माझ्या नावापुढे 'लेट' असं लिहिलं. मी खूप समजावलं, पण ते ऐकेनात. पुढच्या शनिवारपासून सांभाळ.